उशिराचं कारण

घड्याळकाकांची लाँच एकतीस वर्षांत एकदाही उशिरा सुटली नव्हती, आणि ती चुकलेली माणसं शहरात गल्लोगल्ली भेटत. खाडीच्या अलीकडच्या धक्क्यावरून पलीकडच्या धक्क्यावर नऊ मिनिटांचा प्रवास. मोठा काटा तीनवर आला की एक फेरी, नऊवर आला की दुसरी. वेळ झाली की काका केबिनमधून एक लांब भोंगा द्यायचे, पुढे खुंट्याजवळ उभे असलेले दोरमामा दोर सोडायचे आणि काका इंजिनाचा दांडा पुढे ढकलायचे. ही तिन्ही कामं मिळून दोन सेकंद. दोरमामा काकांपेक्षा चार वर्षांनी मोठे, बोलण्याचा मूळचाच कंटाळा असलेले. त्यामुळे इतक्या वर्षांत या कामाबद्दल दोघांत चर्चा अशी झालीच नव्हती.

मागे राहिलेल्यांची यादी मोठी होती. हातात भाषणाचे कागद घेतलेले नगराध्यक्ष होते. अर्धीच दाढी करून धावत आलेला नवरदेव होता. खुद्द काकांच्या सासूबाई होत्या. त्या धक्क्यावर उभ्या राहून छत्री मिटत होत्या, तेवढ्यात भोंगा झाला. छत्री मिटून त्यांनी वर पाहिलं तेव्हा जावई पाण्याच्या मध्यावर पोचले होते. पुढे त्या वारल्या तोपर्यंत काकांचा उल्लेख त्या 'ते लाँचवाले' असाच करत.

केबिनमध्ये एक जाडजूड नोंदवही असायची. सुटण्याची वेळ, प्रवासी किती, हवा कशी, आणि शेवटचा रकाना: उशिराचं कारण. तो रकाना एकतीस वर्षं कोरा होता. वही भरली की काका तिची पानं एकदा सावकाश चाळत आणि त्या कोऱ्या पट्टीकडे बघून समाधानाने नवी वही काढत. लोकांना मुलांच्या गुणपत्रिका बघून होतो तेवढा आनंद त्यांना त्या पट्टीत मिळे.

या सगळ्या शिस्तीत एकच माणूस बसत नव्हता, आणि तो म्हणजे काकू. काकू पलीकडच्या किनाऱ्यावर चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. नवरा लाँच चालवतो म्हटल्यावर रोज नऊ मिनिटांत कामावर पोचायला हरकत नव्हती. पण काकू सव्वीस वर्षं बसने जात होत्या. बस सगळ्या खाडीला वळसा घालून जायची. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, आणि खिडकीशी बसून विणकाम.

सव्वीस वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ दूरदेशी निघाला होता. गाडी पलीकडच्या स्टेशनवरून. भावासाठी काकूंनी स्वेटर विणला होता, शेवटची बाही सकाळी संपली, आणि तो बगलेत मारून त्या धक्क्याकडे धावत सुटल्या. काकांनी त्यांना पाहिलं. काकांनी पाहिलं हे काकूंनी पाहिलं. काटा नऊवर आला, भोंगा झाला, आणि लाँच सुटली. भाऊ पुन्हा भेटला तो नऊ वर्षांनी. स्वेटर टपालाने गेला, तो पोचेपर्यंत तिकडची थंडी संपली होती.

"तू चाळीस पावलं लांब होतीस," काका त्या संध्याकाळी म्हणाले होते.

"बारा," काकू म्हणाल्या होत्या. "दिव्याच्या खांबापाशी होते मी."

त्यानंतर त्या लाँचवर कधी चढल्या नाहीत. भांडल्या म्हणाल तर तेही नाही. संसार व्यवस्थित चालू होता, जेवण वेळेवर होत होतं, थट्टामस्करीही होत होती. पण वर्षातून दोन-तीनदा चाळीस आणि बाराचा विषय निघायचा आणि काकू म्हणायच्या, "एकदा दुकानात या, डोळे तपासून देते." सव्वीस वर्षांत त्यांनी बसमध्ये बसून अर्ध्या शहराला स्वेटर विणून दिले. दुकानातल्या सगळ्यांना, शेजाऱ्यांना, बसच्या कंडक्टरला. दोरमामांकडे तर दोन होते. काकांकडे एकही नव्हता. थंडीत केबिनमध्ये ते कोट घालून बसत आणि आपल्याला लोकर टोचते असं सांगत.

आता खाडीवर पूल झाला होता आणि लाँच बंद होणार होती. शेवटची फेरी रविवारी सव्वापाचची, सोमवारी पुलाचं उद्घाटन. काकांना लाँच बंद होण्याचं जेवढं वाटायला हवं होतं तेवढं वाटत नव्हतंच. त्यांना एवढंच वाटत होतं की बायको त्या लाँचवर एकदा तरी चढायला हवी, आणि त्यासाठी आता मोजून नऊ दिवस उरले होते.

नेमक्या त्याच दिवसांत शहरात शिडाच्या बोटींची आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. एकवीस देशांच्या चोपन्न बोटी. शहराने कधी नव्हे ते भिंतींना रंग लावला आणि हॉटेलवाल्यांनी चहाचे कप लहान केले. या शर्यतीची सुरुवात म्हणजे एक अदृश्य रेघ असते. रेघेच्या एका टोकाला पाण्यावर तरंगणारं पिंप, दुसऱ्या टोकाला पंचांची बोट. पंचांची बोट हलली की रेघ हलली, म्हणून ती नांगर टाकून जागच्या जागी उभी राहायला हवी. संयोजकांना सपाट, रुंद, डोक्यावर छप्पर आणि वर डोलकाठी असलेली बोट हवी होती. शहरात तशा दोनच होत्या. एक लाँच फेऱ्यांना ठेवली आणि काकांची लाँच स्पर्धेला दिली.

"काम काय करायचं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," मुख्य पंचबाई म्हणाल्या. बाई इथल्याच नौकानयन क्लबच्या, तरुणपणी स्वतः शर्यती मारलेल्या, उन्हाने नाक कायमचं लाल झालेल्या. "फक्त उभं राहायचं."

काकांना हसू आलं. एकतीस वर्षं बोट चालवलेल्या माणसाला बोट उभी करणं काय अवघड.

पहिल्या दिवशी धक्क्यावर आणि किनाऱ्यावर माणसांची ही गर्दी. चोपन्न पांढरी शिडं रेघेमागे येरझाऱ्या घालत होती. पंचबाईंनी सुरुवातीचा क्रम सुरू केला. पाच मिनिटं उरली, एक झेंडा वर, छोटा भोंगा. चार उरली, दुसरा झेंडा, पुन्हा छोटा भोंगा. काका केबिनमध्ये ऐटीत बसले होते. एक मिनिट उरलं. नियम असा की एक मिनिट उरलं की दुसरा झेंडा खाली घ्यायचा आणि एक लांब भोंगा द्यायचा.

लांब भोंगा झाला.

पुढे खुंट्याजवळ उभ्या असलेल्या दोरमामांनी नांगराचा दोर सोडला. काकांनी दांडा पुढे ढकलला. दोन सेकंद, नेहमीसारखे. पंच, झेंडे, दुर्बिणी आणि स्पर्धेची सुरुवातीची रेघ घेऊन लाँच पलीकडच्या धक्क्याकडे निघाली. चोपन्न बोटींना काही कळेना. काहींनी रेघ पकडायला पाठलाग सुरू केला. पंचबाई एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने डोलकाठी धरून ओरडत होत्या, आणि काका मात्र घड्याळ बघून एवढंच म्हणाले, "वेळेवर सुटलो." मग त्यांच्या लक्षात आलं.

लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा एक झेंडा घाईघाईने वर गेला. शर्यत लांबणीवर, सगळ्यांनी थांबावं, असा त्याचा अर्थ. नांगर तर दोरासकट तळाशी गेला होता. तो काढायला पाणबुडा आला, त्यात दीड तास मोडला. तोवर काका केबिनमध्ये आणि दोरमामा खुंट्याजवळ, दोघंही मान खाली घालून उभे होते.

पंचबाई रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्या संध्याकाळी शांतपणे म्हणाल्या, "काका, उद्या पुन्हा असं झालं तर मला बंदरातली गाळ काढायची बोट आणावी लागेल. मनावर घेऊ नका."

काकांनी ते मनावर घेतलं. गाळाच्या बोटीने त्यांची जागा घ्यावी हे त्यांना जेवताना घास गिळू देईना. शिवाय बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. काकूंनी ताट वाढलं, समोर बसल्या, आणि बराच वेळ हसू दाबून शेवटी म्हणाल्या, "चोपन्न जणांना एकदम मागे ठेवलंत म्हणे. चला, म्हणजे मी एकटीच नाही."

"चेष्टा पुरे. हात ऐकत नाही माझा," काका म्हणाले. "भोंगा ऐकला की तो आपोआप पुढे जातो. मामांचंही तेच. उद्या परत तेच होणार बघ."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग उठून कपाटातून लोकरीच्या सात लडी काढल्या. राखाडी रंगाच्या, जाड.

"उरलेले दिवस किती? सात ना? रोज एक. भोंग्याआधी लड दोन्ही हातांत अडकवून बसायचं, आणि मामांनी समोर बसून गुंडा करायचा. चारही हात कामात. दांडा ढकलायचा तर आधी लोकर सोडवावी लागेल."

"सगळ्या जगासमोर मी लोकर धरून बसू?"

"मग गाळाची बोट येऊ दे," काकू म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी एकवीस देशांच्या खेळाडूंनी जे पाहिलं ते त्यांनी आधी कुठल्याही समुद्रावर पाहिलं नसावं. पंचांच्या बोटीवर, झेंड्यांच्या बरोबर खाली, दोन म्हातारे समोरासमोर बसून लोकरीचा गुंडा करत होते. लांब भोंगा झाला. काकांचे खांदे दचकले, हात पुढे निघाले, लड ताणली गेली. मामांनी मान वर न करता गुंडा खेचला आणि हात परत जागेवर आणले. लाँच तसूभर हलली नाही. मिनिटभराने शेवटचा भोंगा झाला आणि चोपन्न शिडं रेघ ओलांडून गेली. काकांनी इतक्या बोटींना आपल्या आधी सुटताना पहिल्यांदाच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. चौथ्या दिवशी एका परदेशी बोटीवरच्या मुलीने जाता जाता हातांनीच विचारलं, की विणताय काय. काकांनी खांदे उडवले, कारण ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. एकदा घरी विचारून पाहिलं होतं. काकू म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय, तुम्हाला लोकर टोचते."

आणि लाँचचं? तेही त्यांनी विचारलं होतं, पाचव्या दिवशी, पाणी पिता पिता, सहज विचारल्यासारखं. "रविवारी शेवटची फेरी आहे. येतेस का?"

"बघू."

"सव्वापाचला सुटेल."

"ते तुम्ही सांगायला नको," काकू म्हणाल्या. काकांना रात्रभर त्या 'बघू'चा अर्थ लावता आला नाही.

शनिवारी अंतिम शर्यत होती आणि वारा पडला. सकाळी अकरापासून पाणी ताटासारखं सपाट. पंचबाईंनी लाल-पांढरा झेंडा चढवला आणि खुर्चीत बसून केळं सोललं. एक वाजला. दोन वाजले. काका घड्याळ बघून बघून हैराण झाले. वेळापत्रकात अकरा लिहिलंय आणि कुणाला त्याची लाज नाही. बोटींवर तर सुट्टी पडल्यासारखं चाललं होतं. कुणी तोंडावर टोपी घेऊन झोपलेलं, कुणी पाण्यात पाय सोडून बसलेलं. पहिल्या नंबरच्या बोटीवरचा खेळाडू दुसऱ्या नंबरच्या बोटीवर जाऊन बिस्किटं खात होता. जगातली सगळ्यात वेगवान माणसं म्हणून ज्यांचं कौतुक आठवडाभर ऐकलं ती अशी बसून होती.

"बाई, किती थांबायचं?" शेवटी काकांनी विचारलं.

"वारा येईपर्यंत."

"आणि तो नाहीच आला वेळेवर तर? काही शिस्त आहे की नाही?"

पंचबाई हसल्या. "काका, हा झेंडा शिस्तीतच येतो. नियमांच्या पुस्तकात त्याला पान आहे. ज्याच्याशिवाय सुटण्यात अर्थ नाही त्याच्यासाठी थांबायचं, एवढंच. त्याची कुणी बदनामी करत नाही."

काका केबिनमध्ये जाऊन बसले. त्यांना उगाचच बगलेत मारलेला एक स्वेटर दिसायला लागला. तो निळा होता, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा आठवलं. फार वाईट वाटलं त्यांना, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण समोर फक्त दोरमामा होते.

"मामा," तरी त्यांनी विचारलं, "त्या दिवशी ती किती लांब होती हो?"

दोरमामांनी सव्वीस वर्षांत या विषयावर तोंड उघडलं नव्हतं. आताही त्यांनी घाई केली नाही. "मला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले, आणि हातातला दोर नीट गुंडाळत राहिले.

अडीचला वारा आला, शर्यत झाली, कुणीतरी जिंकलं. संध्याकाळी सामान उतरवताना काकांनी पंचबाईंकडे एक गोष्ट मागितली. जुना झाला असेल, विटला असेल तरी चालेल, म्हणाले. बाईंनी जास्त चौकशी न करता दिली.

रविवारी सव्वापाचच्या फेरीला लाँच भरून गेली. लाँच चुकलेली झाडून सगळी माणसं आज वेळेआधी येऊन बसली होती, बहुतेक सूड म्हणून. माजी नगराध्यक्ष होते. तो नवरदेवही होता, आता टक्कल पडलेला, बायको आणि मुलीसह. पाच वाजून चौदा मिनिटं झाली. दोरमामा खुंट्याजवळ उभे राहिले. लोकांनी कानांवर हात ठेवले, कारण भोंगा जवळून फार मोठा वाजतो.

मोठा काटा तीनवर आला. भोंगा झाला नाही.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी मनगट कानाशी नेऊन घड्याळ चालू आहे ना ते पाहिलं. काका केबिनमधून बाहेर आले, डोलकाठीपाशी गेले, आणि खिशातून काढलेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा विटका झेंडा त्यांनी वर चढवला. मग कठड्याशी उभे राहून रस्त्याकडे बघत राहिले.

"हा झेंडा माझ्या वेळी कुठे होता?" नवरदेवाने विचारलं. "मी तर तीन सेकंदांनी चुकलो होतो."

"माझं तर भाषण होतं," माजी नगराध्यक्ष म्हणाले.

"तुम्हाला चुकवून मी उपकारच केले लोकांवर," काका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. लोक हसले. त्यांना स्वतःला हसू येत नव्हतं. पाच वीस झाले. पाच पंचवीस झाले. येणार नाही, असं त्यांना वाटायला लागलं, आणि ती येणार नसेल तर त्यात तिचं काय चुकलं, असंही वाटलं. पण झेंडा उतरवायला हात काही वर गेला नाही. आठवडाभरात तो बसून राहायला शिकला होता.

पाच सत्तावीसला रस्त्याच्या वळणावर काकू दिसल्या. धावत नव्हत्या. हातात विणकामाची पिशवी, चाल बाजारातून भाजी बघत निघाल्यासारखी. दिव्याच्या खांबापाशी आल्या आणि थांबल्या. वर झेंड्याकडे पाहिलं. मग खाली काकांकडे पाहिलं.

काकू चालायला लागल्या. काका ओठ हलवत मोजत होते. फळीपाशी येऊन काकूंनी पाय टेकला तेव्हा त्यांचे ओठ थांबले, आणि चेहरा उतरला.

"पाच वीसला घरून निघाले," काकू म्हणाल्या. "लाँच गेलेली असणार म्हणून बसचा पास घेऊन आले होते बरोबर."

"बारा," काका म्हणाले.

"काय?"

"बाराच होती. तुझंच बरोबर होतं. तू धावत होतीस, म्हणजे आणखी कमी धर. मी पाहिलं होतं तुला. थांबायला हवं होतं मी."

दोरमामांनी हात पुढे केला, तो धरून काकू लाँचवर चढल्या आणि केबिनच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून त्यांनी राखाडी विणकाम काढलं. पाठ झाली होती, एक बाही अर्धी होती. "वळा बघू," म्हणाल्या, आणि ते काकांच्या खांद्यांना लावून माप बघू लागल्या. "हलू नका."

काका हलले नाहीत. माप होईपर्यंत चोपन्न माणसं मुकाट थांबली. मग काकांनी झेंडा उतरवला, एक लांब भोंगा दिला, दोरमामांनी दोर सोडला.

पलीकडच्या धक्क्याला लाँच लागल्यावर काकांनी नोंदवही उघडली. सुटण्याची वेळ: पाच एकोणतीस. प्रवासी: पंचावन्न. हवा: बरी. शेवटच्या रकान्यापाशी ते जरा अडले, पेन झटकून पाहिलं, आणि मग नीट अक्षरात लिहिलं: एक प्रवासी बारा पावलांवर होती.

काकूंनी चष्मा लावून ते वाचलं. "शाई वाळू द्या, मग मिटा," त्या म्हणाल्या.